दोन्ही वेळचं ऊन

६ सप्टेंबर, सोमवार

लागली एकदाची सरकारी नोकरी. दुभाषी, मुलांचा विभाग. आत्या म्हणाली, "म्हणजे घरात फुकट करतेस तेच तिथे पगारावर करणार." तोंडात साखर कधीच नव्हती तिच्या.

इमारत गोदीजवळची, दगडी, आत शिरलं की ओल नाकात बसते. पण सगळ्यात आधी नजरेत भरतात त्या खुंट्या. लांबलचक बोळ, आणि कोट अडकवायच्या खुंट्या माझ्या कमरेच्याही खाली. मला वाटलं सुतार झोपेत असेल. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "मुलांच्या आहेत त्या." पूर्वी बोटी भरभरून मुलं आणायचे म्हणे, अनाथ आहेत सांगून, शेतांवर राबायला. पुष्कळांचे आईबाप तिकडे धडधाकट जिवंत होते. मग ओरड झाली, कायदा झाला, बोटी थांबल्या. मग दुसरा कायदा आला, की एकटं मूल येऊ शकतं, पण इथे त्याचं कोणीतरी पाहिजे. आई, बाप, काका, आत्या, कोणीही. मी तशीच आले, आत्याच्या भरवशावर, सहा वर्षांची असताना. याच बोळातून आले असणार. खुंट्या मात्र आठवत नाहीत.

यंदापासून कायदा आणखी आवळलाय. आईबाप इथे नसतील तर सख्खं मोठं भावंडच हवं. नाहीतर आल्या वाटेने परत. आणि कागद तर पैसे टाकले की कसेही बनतात, कशावर विश्वास ठेवायचा? म्हणून साहेब घराबद्दल विचारतात. दार कुठे, पाणी कुठून आणता, आई काय करते. इथल्या नातलगाला वेगळ्या खोलीत तेच प्रश्न. उत्तरं जुळली तर नातं खरं.

मला एक नियम बजावून सांगितला. मूल 'मी' म्हणालं की मीही 'मी' म्हणायचं. 'ती म्हणते' असलं काही नाही. "खोलीत तुम्ही नाहीतच असं समजा," साहेब म्हणाले, आणि टायने चष्मा पुसला. भला माणूस वाटतो.

९ सप्टेंबर, गुरुवार

आत्याला माझ्या कामात कधी नव्हे तो रस आलाय. मी शिवणाच्या दुकानात होते तेव्हा आत्याने एकदा विचारलं नाही की आज काय शिवलंस. आता चहाला बसलं की, "आज काय विचारलं पोरांना?" भावंडांचा नवा कायदा तर दोनदा सांगायला लावला. बाहेर काही बोलणार नाही म्हणून मी सही केलीय खरी, पण आत्याला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. भिंतीला कान असतात म्हणतात, तोंड तर नसतं.

मी तिला म्हटलं, साहेबांचे प्रश्न म्हणजे आपला घर-घर खेळच. ती हसली नाही. लहानपणी रोज संध्याकाळी माझी वेणी घालताना ती विचारायची. दार कुठल्या रंगाचं? निळं. शेळीला कान किती? एकच, उजवा कुत्र्याने तोडला. आईच्या मनगटावर काय? भाजल्याचा डाग. ऊन कुठे? ओट्यावर. चुकलं की वेणीला हिसका. आई गेली, घर गेलं, निदान पोरीला आठवण तरी राहू दे, म्हणून बिचारी एवढी झटायची. त्यामुळे ते घर आजही माझ्या डोळ्यांपुढे लख्ख आहे. इथली शाळा तितकी आठवत नाही.

तसं एक स्वप्नही आहे, अधूनमधून पडतं. बुटकी खोली, ओली भिंत, आम्ही पुष्कळ जणी जमिनीवर आडव्या, आणि सगळ्या हलक्या आवाजात एकच काहीतरी म्हणतोय. आत्या म्हणते, अपचन.

१२ सप्टेंबर, रविवार

आत्याचं वय झालं हे आज पहिल्यांदा जाणवलं. दर रविवारी दुपारी तिला कोणा मैत्रिणीचा फोन येतो, आणि ती फोनची वायर ओढत स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेते. आज दार नीट लागलं नव्हतं. ही बाई फोनमध्ये म्हणत होती, "आणि शेळी? ... कुठला कान? ... नाही नाही, परत सांग. ... शाब्बास."

बाहेर आल्यावर विचारलं, कोणाचा फोन? म्हणाली, "राँग नंबर."

राँग नंबरवाल्याशी शेळीच्या गप्पा! मला हसू आलं आणि लगेच काळजीही वाटली. म्हातारपणी माणसं लहानपणात जातात, ही माझ्या लहानपणात चाललीय. डॉक्टरला दाखवायला हवं. पण तिला डॉक्टरकडे नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं.

१३ ऑक्टोबर, बुधवार



आज एक मुलगी आणली. सहा-सात वर्षांची, एकटी. बिस्किट दिलं तर अर्धं खाल्लं, अर्धं फ्रॉकच्या खिशात, चुराही उचलून खिशात. मी मनातल्या मनात तिला मुंगी म्हणायला लागले. साहेबांनी विचारलं, "तुझं घर सांग." मुंगीने हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि सांगायला लागली.

दार निळं आहे, ती म्हणाली. "माझ्या घराचं दार निळं आहे," मी म्हणाले. दारापुढे ओटा आहे. "दारापुढे ओटा आहे." आई तिथे बसून केस विंचरते, तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. मी तेही म्हणाले. मी, मी, माझं, माझं. साहेबांसाठी ते दुभाष्याचं 'मी' होतं. माझ्या अंगावर मात्र काटा उभा राहिला. खोलीत मी नाहीच असं समजायचं होतं, आणि खोलीत माझ्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं.

"एक शेळी आहे," मुंगी म्हणाली आणि थुंकी गिळायला थांबली.

"आमच्याकडे एक शेळी आहे, तिला एकच कान आहे, उजवा कुत्र्याने तोडला," मी म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ती अजून बोललीच नाही."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. तिला आमची भाषा सोडून दुसरी येत नाही, मी काय बोलले ते तिला कळणं शक्य नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "शेळीला एकच कान आहे. उजवा कुत्र्याने तोडला."

साहेबांनी पुढची तारीख दिली.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

कामावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं, ते खोटंही नव्हतं.

साहेबांनी काल शेवटी विचारलं होतं, ऊन कुठे येतं? मुंगी म्हणाली, सकाळी ओट्यावर, आई केस विंचरते तेव्हा. आणि संध्याकाळी? ओट्यावरच, आई शेळीचं दूध काढते तेव्हा.

शाळेत मी असंच चित्र काढलं होतं. बाई म्हणाल्या, सकाळी ऊन पुढे असेल तर संध्याकाळी मागे जायला हवं, सूर्य काय तुमच्या घराला प्रदक्षिणा घालतो? सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडले तर आत्या म्हणाली, "आमच्याकडे तसंच होतं म्हणून सांगायचं आणि गप्प बसायचं." जगात असं एकच घर असेल, ज्याच्या ओट्यावर दोन्ही वेळचं ऊन येतं. ते माझं. आणि मुंगी तिथून आलीय.

आणि साहेबांनी हेही विचारलं होतं, आई आहे का? ती म्हणाली, आहे.

आहे! मला सांगितलं होतं गेली. म्हणजे आई जिवंत आहे, ओट्यावर बसते, तिला माझ्यामागून मुलगी झाली. एवढं लिहिलं आणि रडू कोसळलं. शेळी एवढी वर्षं जगत नाही, हेही मनात येऊन गेलं. असेल तिचं पिल्लू. पण तोडलेला कान काही पिल्लाकडे येत नाही. जाऊ दे. कुत्रीही पुष्कळ असतात.

१७ ऑक्टोबर, रविवार

आत्याला गाठलंच. ती लसूण सोलत होती.

"आई खरंच गेली ना?"

"आज काय मध्येच?"

"तू तिला गेलेली पाहिलीस?"

"नाही."

"मग कसं सांगितलंस?"

"पोराला कधीतरी काहीतरी सांगावं लागतं गं." सुरी तिच्या हातात नुसतीच थांबली होती. मग मी तिला मुंगीचं सगळं सांगितलं. दार, शेळी, ऊन. वाटलं होतं तिला घेरी येईल. ती फक्त म्हणाली, "सगळं नीट सांगितलं तिने? अडखळली नाही ना?"

मी म्हटलं नाही.

"त्या पोरीला परत पाठवू देऊ नकोस. तिकडे तिचं काय होईल ते तुला ठाऊक नाही. मला आहे." आत्याच्या डोळ्यात पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. लसूण डोळ्याला लागत नाही.

नंतर फोन वाजला, ती वायर ओढत आत गेली. मी मुद्दाम कान दिला नाही. तिचीही काही सुखदुःखं असतील.

२० ऑक्टोबर, बुधवार

आज साहेब सरळ मुद्द्यावर आले. "इथे तुझं कोण आहे?"

"मोठी बहीण," मुंगी म्हणाली. "ती पुढे गेली. मी तिला पाहिलेलं नाही. आई सांगते."

"माझी मोठी बहीण. ती पुढे गेली. मी तिला पाहिलेलं नाही. आई सांगते." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तिची काही खूण?"

"तिच्या डाव्या भुवईत खोक आहे. ओट्यावरून पडली होती."

मी ते म्हणाले. नियम म्हणजे नियम, जसंच्या तसं म्हणाले. साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि माझ्या डाव्या भुवईकडे पाहिलं. माझा हात आपोआप वर गेला, तिथल्या जुन्या खोकेवर.

बोळात कोणीतरी पळत गेल्यासारखं वाटलं, लहान पावलांनी. दार उघडं होतं. नुसत्या खुंट्या.

"साहेब," मी म्हणाले, आणि या वेळी ते माझंच बोलणं होतं, "ती बहीण मी आहे."

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

मला या प्रकरणातून बाजूला केलं, रीतसर. आज मी टेबलाच्या पलीकडे. मुंगी शेजारच्या खोलीत साहेबांपुढे, नवा दुभाषी घेऊन. माझ्यापुढे दुसऱ्या साहेबीणबाई, ओठ शिवल्यासारख्या.

शपथ घेतली. खरंच सांगेन म्हणाले आणि खरंच सांगितलं. एक अक्षर बनवलं नाही. दार, ओटा, डाग, शेळी, ऊन. सांगताना भिंतीपलीकडून मुंगीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. मी जिथे श्वास घेत होते तिथेच ती घेत होती. एकदा मी मुद्दाम थांबले. पलीकडेही शांत झालं. साहेबीणबाईंनाही ते ऐकू आलं असावं, त्यांनी खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली.

हे घर माझ्यात बोलतंय का मी घरात बोलतेय, असं काहीतरी वाटलं. भीती वाटली. पण भीतीपेक्षा आनंदच जास्त होता, लपवून काय करू. मला बहीण आहे. मला आई आहे.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल लागला. आमच्या बाजूने!

साहेबांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून संशय होता. तुम्ही शेळीचं आधीच बोललात तेव्हा वाटलं, दोघींना कोणीतरी पढवलंय. पढवलेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत. त्यांचं घर आरशासारखं असतं, कुठे डाग नाही. पण हे ऊन!" त्यांनी टायने चष्मा पुसला. "सकाळी ओट्यावर, संध्याकाळी ओट्यावर. असं घर असूच शकत नाही. पढवणारा माणूस इतका वेडा नसतो. लहान मुलंच अशी आठवण ठेवतात. तुम्ही आलात तेव्हाची फाईल काढून पाहिली, तिच्यातही हेच ऊन. दोघींनी, इतक्या वर्षांच्या अंतराने, तीच अशक्य गोष्ट सांगितली. ती आईनेच दोघींना सांगितली असणार. म्हणून मी सही केली."

मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते. त्यांनी सोमवारपासून कामावर यायला सांगितलं, बहिणीचं प्रकरण सोडून बाकी सगळं पूर्वीसारखं.

येताना एक गादी घेतली, एक फ्रॉक, आणि बिस्किटांचे पुडे. आईला कसं शोधायचं ते आता साहेबांनाच विचारीन.

३० ऑक्टोबर, शनिवार

मुंगी घरी आली.

जिन्यात माझा हात घट्ट धरला होता तिने. मी सांगत होते, घरात आपली आत्या आहे, तोंडाची फटकळ आहे, पण मनाची चांगली. मी दार उघडलं. आतून आत्याने हाक दिली, "आली का गं?"

मुंगीने माझा हात सोडला. उंबऱ्यातच पाय जुळवून उभी राहिली, पाठ ताठ, हात खाली. आणि सुरू झाली. "माझ्या घराचं दार निळं आहे. दारापुढे ओटा आहे." थांबेचना. मी म्हटलं, अगं बाळा, झालं आता ते, संपलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. स्वयंपाकघरातून येणाऱ्या आवाजाकडे तोंड करून ती सगळं घर शेवटापर्यंत म्हणून गेली. भुवईतली खोकसुद्धा.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "शाब्बास," म्हणाली. "आता जेवायला बस."

पुढचं लिहवत नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

लिहिते. कुठेतरी ठेवलं पाहिजे.

काल रात्री मुंगी झोपली होती. मी आत्यासमोर बसले आणि विचारलं, "फोनवर तिच्याशी बोलणारी तू होतीस ना?"

"मी होते. तिकडे माझी थोरली बहीण आहे. ती पोरं जमवते, मी पढवते. ज्या पोरांना इकडे जागा नाही आणि तिकडेही नाही, ती."

"माझी खोक?"

"इथल्या मोरीत पडली होतीस, आल्या आल्याच. मीच टाके घालायला नेलं. नवा कायदा तू सांगितलास तेव्हा सुचलं."

"आणि आई?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "असेल गं कोणीतरी. आकाशातून तर पडली नसशील. मला नाही माहीत. तुला माझ्या बहिणीकडे आणून सोडलं तेव्हा तू बोलतच नव्हतीस. नाव नाही, गाव नाही, एक शब्द नाही. तुला घर दिलं तेव्हा बोलायला लागलीस."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही, ती त्याला पात्रही होती आणि नव्हतीही. वीस-बावीस वर्षं मी ज्या बाईसाठी रडले ती कोणाची कोणीच नव्हती. आत्या ऐकत बसली. शेवटी मी विचारलं, निदान ते ऊन तरी कुठलं?

"माझंच. सकाळचं माहेरचं, संध्याकाळचं सासरचं. दोन्हीकडचं बरं तेवढं उचललं. सूर्याचं ध्यानातच आलं नाही." तिने डोळे टिपले. "मग चूक कळली, पण तोवर तीन पोरं पार झाली होती. मग वाटलं, राहू दे."

सकाळी मुंगीने उठल्या उठल्या विचारलं, "इथे बाकीच्या कुठे आहेत?" कोण बाकीच्या? "खोलीतल्या. आम्ही ओळीने झोपायचो ना, म्हणत म्हणत. भिंत ओली होती."

म्हणजे अपचन नव्हतं. माझ्या मालकीचं तेवढं एकच आहे तर.

७ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर आत्याशी बोलले नाही. मुंगी आमच्या दोघींमध्ये पुलासारखी ये-जा करते. तिने खिशातला चुरा अजून टाकलेला नाही. परवा तिने माझी वेणी घातली, वाईट घातली, आणि घालता घालता काही विचारलं नाही. मला कसंसंच झालं. काहीतरी राहून गेल्यासारखं.

बुधवारी सुनावणी होती, एका मुलाची. घर नीट सांगता आलं नाही त्याला. दार कधी पुढे, कधी मागे. खरं बोलत होता, म्हणूनच अडखळत होता. साहेबांनी परत पाठवलं. मी 'मी' म्हणत म्हणत त्याचं सगळं चुकीचं जसंच्या तसं सांगितलं. बोळातून जाताना त्याचा हात प्रत्येक खुंटीला लागत होता. बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीवर होत्या.

आज दुपारी फोन वाजला. आत्याचे हात पिठात होते. ती उठली नाही, मीही नाही. वाजत राहिला. मुंगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

मी उचलला.

पलीकडे खरखर, समुद्राएवढी. मग एक बारीक आवाज, माझ्या हॅलोची वाटही न बघता: "माझ्या घराचं दार निळं आहे."

ठेवून द्यायचा होता. खरंच द्यायचा होता. मुंगी येऊन माझ्या शेजारी पाय जुळवून उभी राहिली होती आणि पलीकडच्या आवाजाबरोबर तिचे ओठ हलत होते.

"बहिणी किती?" मी विचारलं.

"दोन. दोघी पुढे गेल्या."

"आणि संध्याकाळी ऊन कुठे येतं?"

ते पोर घोटाळलं. कोणीतरी त्याला सूर्याचं शिकवलं असावं. "मागे?" ते म्हणालं. "घराच्या मागे?"

स्वयंपाकघरात आत्याचा हात थांबला.

"नाही," मी म्हणाले. "ओट्यावर. दोन्ही वेळा ओट्यावर. परत सांग."